कणगीतलं बियाणं कुणाचं?

मी कणगी. बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच. आज मला बोलायचं आहे आणि गोड बोलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बायडी लग्न होऊन मासवणजवळच्या या पाड्यावर आली त्या वर्षी तिच्या सासऱ्याने मला विणलं. बहात्तर साल असेल. खायच्या भाताची कणगी घरात वेगळी होती, माझ्याहून मोठी. तिच्यात कुणीही हात घालायचं. मी बियाण्याची. माझ्यात हात घालायचा तो फक्त बायडीने.

माझ्या पोटात लालकुसळं असायचं. लाल कुसळाचं भात, म्हणून हे नाव. उंच वाढायचं, आठ दिवस पाण्यात उभं राहिलं तरी कुजायचं नाही. दाणा जाडा, दिसायला काही खास नाही, पण त्याची पेज पिऊन माणूस दुपारपर्यंत बिनतक्रार नांगर धरायचा.

कापणीच्या आधी बायडी एकटीच शेतात फिरायची. भरलेली, निरोगी लोंबी दिसली की खुडून टोपलीत टाकायची. चिंतू, तिचा नवरा, मागून ओरडायचा, "अगं, आवर! नवरी बगाया आलीस का काय?" ती पुढची लोंबी खुडायची. तिचं एकच मापटं होतं, शेतातलं जे सगळ्यात चांगलं ते बियाण्याला. मग ते वाळवून, राख चोळून, निरगुडीच्या पाल्यासकट माझ्यात भरायची आणि माझं तोंड लिंपून टाकायची. अशी वीस-बावीस वर्षं गेली. मला कीड लागली नाही आणि या घराला कुणाच्या दारात बी मागायला जावं लागलं नाही.

पंच्याण्णव साली पाड्यावर जीप आली. बोईसरकडून बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला होता. गोड बोलणारा. संकरित भाताच्या चकचकीत पुड्या त्याने फुकट वाटल्या. "यंदा लावून बघा, मग बोला," म्हणाला. चिंतूने सगळ्या खाचरांत तेच लावलं. लालकुसळ्याला त्या वर्षी जागाच उरली नाही.

खोटं का सांगू, पीक आलं ते दृष्ट लागावी असं. चिंतू तर बांधावर उभा राहून हसतच सुटला. आणि बायडीने तेच केलं, जे ती दरवर्षी करायची. टोपली घेऊन शेतात गेली आणि त्या नव्या भातातल्या सगळ्यात भरलेल्या लोंब्या निवडून आणल्या. जुनं लालकुसळं तिने माझ्यातून उपसलं, कांडलं आणि पुतणीच्या लग्नात रांधून पाड्याला जेवू घातलं. मग राख चोळून नवं बी माझ्यात भरायला बसली.

ती भरत होती तेव्हा तो माणूस ओट्यावरच होता. पिकाचे फोटो काढायला आला होता. तो तिच्या हातचं पाणी प्याला. माझ्यात काय पडतंय हे डोळ्यांनी पाहिलं. संकरित भाताचं बी घरात धरून चालत नाही, दुसऱ्या वर्षी त्याचं पीक एकसारखं येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. बोलला नाही. तांब्या खाली ठेवला आणि निघून गेला. मला तोंड असून बोलता आलं नाही, त्याला बोलता येत होतं तरी तो गप्प बसला. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढच्या पावसाळ्यात खाचरात जे उगवलं त्याला पीक म्हणवत नाही. एक रोप गुडघ्याएवढं, शेजारचं कमरेएवढं. एक फुलोऱ्यावर तर दुसरं अजून हिरवंगार. निम्म्या लोंब्या पोकळ. बायडीने एक लोंबी हातावर चोळली, फुंकर मारली, तर हातावर काहीच उरलं नाही.

"माज्या हाताला काय झाला?" ती मला म्हणाली. मला, म्हणजे कणगीला! स्वतःच्या हाताला दोष देत होती बाई. चांगलं निवडलं, नीट राखलं, आणि गुन्हेगार तीच!

चिंतू बोईसरला कंपनीच्या दुकानावर जाऊन त्या माणसाला भेटला.

"हे बी दरवर्षी नवं घ्यायचं असतं," तो शांतपणे म्हणाला.

"मंग तवा सांगला का नाय?"

"पुडीवर छापलेलं आहे की."

छापलेलं होतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

बायडी दारोदार फिरली. आमच्याकडे बी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलंच नाही कुणी. पण असेल तर देतील! शेजारच्या ठमीने आपली कणगी उघडून दाखवली, तिच्यातही पुडीचंच. सगळ्या पाड्याने एकाच वर्षी जुनं खाऊन टाकलं होतं. चिंतू मग कारखान्यात हमालीला लागला, तिथेच जवळ सरावली गावात एका खोलीत चौघांबरोबर राहू लागला.

त्याच पावसाळ्यात बांध फुटला होता तेव्हा बायडीने माळ्यावरचा जुना पेंढा भगदाडात कोंबला होता. त्या पेंढ्यात राहिलेले चुकार दाणे बांधाच्या कुशीत उगवले. कापणीच्या दिवसांत तिला तिथे लाल कुसळं दिसली. सतरा लोंब्या. ती तिथेच बसून रडली. मग एकेक खुडून घरी आणली आणि माझ्या काठावर वाळत घातली.

आणि दिवाळीत जीप पुन्हा आली. नव्या पुड्या घेऊन. त्या माणसाची नजर माझ्या काठावर गेली.

"मावशी, झकास लोंबी आहे हो! चार द्या, आमच्या फार्मवर लावून बघतो."

सुट्टीला आलेल्या चिंतूने रीतीप्रमाणे द्यायला लोंब्यांकडे हात नेला. बायडीने त्याचं मनगट धरलं.

"नाय द्यायचा."

"बायडे, बी मागतो हाय तो," चिंतू हळूच म्हणाला.

"ठमी मागल तर निम्मा दीन. पाड्यातला कोनी बी मागू दे. ह्याला नाय. आज नेल, उद्या पुडीत घालून आनल. मंग आपल्याच दान्यासाटी ह्याच्या दारात उबा ऱ्हायचा का?"

माणूस हसला. "मावशी, असं कुठे असतं का!" म्हणत पुड्या ओट्यावर ठेवून गेला.

बायडीच्या हातून या घरात बी नाकारलं गेलं ते हे पहिल्यांदा.

सतरा लोंब्यांनी माझा तळसुद्धा झाकला जात नाही. त्यांचं शेतभर बी व्हायला दोन-तीन पावसाळे जातील. तुम्ही शिकलेली माणसं परिषदा भरवून शेतीच्या भविष्यावर बोलता. एकदा इथे या आणि माझ्यात वाकून बघा. या बाईने पिढ्यांचं राखलेलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क तिचा आहे, एवढं कुठेतरी लिहून ठेवा, आणि तिला वाचता येईल अशा अक्षरांत लिहा.

तोवर खायला तर हवंच. येत्या मृगात बायडी खाचरात त्याच माणसाची पुडी फोडणार आहे.