सतरा वाकलेल्या पिना

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, खेळांसाठी मुद्दाम जोडलेला. माझ्या काळ्या डब्याला एका बाजूने काच आहे आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक चरा आहे. तो आठ वर्षांपूर्वीचा. ठमी तेव्हा नववीत होती आणि तिचे बाबा घड्याळे दुरुस्त करत असत. त्यांच्या दुकानातल्या टेबलावर, उघड्या घड्याळांच्या शेजारी, बापलेकीने मला एकेक भाग बसवून उभे केले. ठमीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घसरला आणि चरा उठला. ती रडवेली झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "असू दे गं. हरवला तर ओळखता येईल."

मित्रांनो, माझ्या पोटात पुष्कळ भाग आहेत, पण तुम्ही तीनच लक्षात ठेवा. प्रोसेसर हा माझा मेंदू. चित्रे रंगवते ते ग्राफिक्स कार्ड. आणि हे सगळे ज्यावर बसते तो बोर्ड. बोर्डावरच्या एका बारीक चिपमध्ये ओळखीच्या प्रोसेसरांची यादी असते. यादीत नाव नसेल, तर कितीही हुशार प्रोसेसर आणा, बोर्ड त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

काय दिवस होते ते! ठमीच्या मैत्रिणी शाळा सुटली की माझ्यापुढे दाटीवाटीने बसत. मी कधी अडखळलो नाही. "हा तर वाघ आहे," असे त्या म्हणत आणि माझे पंखे उगाचच जोरात फिरत.

पुढे बाबांचा हात थरथरू लागला. केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरवेना. दुकान बंद झाले. चिमटे आणि डोळ्याला लावायचे भिंग पत्र्याच्या डबीत घालून त्यांनी घरी आणले, आणि त्या दिवसापासून ते जवळजवळ बोलेनासे झाले. मग ठमीने त्यांना माझ्यापुढे बसवले आणि मालट्रक चालवण्याचा खेळ लावून दिला. त्यांचा ट्रक माझ्यावर, तिचा लॅपटॉपवर, एकामागे एक. ट्रक चालवताना हात थरथरला, तरी कुणाचे घड्याळ बिघडत नव्हते. बाबा पुन्हा बोलू लागले.

"ठमे, पुढे वळण आहे. सावकाश घे."

"बाबा, तुम्ही मागून ढकलताय मला!"

आतून आईचा आवाज येई, "बापलेकीचे ट्रक जग फिरताहेत, आणि माझी भाजीची पिशवी रोज पायी येतेय!"

नंतर ठमीला दूरच्या शहरात नोकरी लागली. सोमवारी निघायचे होते. दर रविवारी दुपारी इकडून बाबांनी आणि तिकडून तिने ट्रक काढायचा, असे ठरले. पण त्याच सुमारास त्या खेळाची नवी आवृत्ती आली, आणि ती मला झेपेना. ऐन वळणावर चित्र गोठायचे. पुन्हा हलायचे, तेव्हा ट्रक खड्ड्यात असायचा. तीनदा असे झाले, तेव्हा बाबांनी स्टिअरिंग सोडले.

"हातच गेला माझा," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

मित्रांनो, तो हात नव्हता. तो मी होतो. मला हे ओरडून सांगायचे होते, पण माझ्याजवळ दोन पंखे आणि एक मिणमिणता दिवा, याखेरीज काही नव्हते. मी पंखे फिरवले. "घरघर फार वाढलीय याची," आई म्हणाली.

ठमीने मात्र माझ्या पडद्यावरचे, कोणता भाग किती राबतोय ते सांगणारे आकडे पाहिले. ग्राफिक्स कार्ड अर्धे रिकामे बसले होते आणि प्रोसेसर जिवाच्या आकांताने पळत होता. "बाबा, तुमचा हात नाही. याचा मेंदू दमलाय."

"माझं मन राखायला बोलतेस."

नवा प्रोसेसर बसवून दाखवल्याशिवाय त्यांचा विश्वास बसणार नव्हता. म्हणून दोघे मला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेतून पाहिले आणि हात झटकले. "ताई, याचा फक्त डबा ठेवा. बोर्ड, मेमरी, प्रोसेसर सगळं नवं टाका."

बाबांनी विचारले, "मग तो हाच राहील का हो? आम्ही घड्याळाचं मशीन बदललं, तर गिऱ्हाइकाला सांगायचो, घड्याळ नवं झालं म्हणून."

ठमी गालात हसली. "बोर्ड हाच ठेवायचा. यावर बसेल असं दाखवा."

दुकानदाराने दोन खोकी मांडली. एका प्रोसेसरला सोळा कोअर होते, म्हणजे एका डोक्यात सोळा कामकरी. दुसऱ्याला आठच, पण खेळात चपळ. "मोठा न्या, पुढे उपयोगी पडेल," तो म्हणाला. मी मनातल्या मनात विनवत होतो, लहान घे गं बाई, त्या सोळा जणांना पोसायची ताकद माझ्या बोर्डात उरलेली नाही. तिने लहानच उचलला. माझा जीव भांड्यात पडला. पण बोर्डावरची यादी आठ वर्षांपूर्वीची आहे, हे कुणालाच आठवले नाही. मला आठवले, आणि मी मुका.

शनिवारी दुपारी मला उघडायचे ठरले. बाबांचा पहिल्यापासूनचा दंडक होता की कुठलेही यंत्र आधी थांबवायचे, थंड होऊ द्यायचे, मगच हात घालायचा. घड्याळाला ते लागू पडते. माझे तसे नाही. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक लेप असतो. मी गरम असलो की तो मऊ असतो. थंड झालो की तो सरसासारखा धरून बसतो. सकाळपासून मला बंद ठेवले होते. ठमीने पंखा सरळ वर ओढला, आणि त्याला चिकटून माझा प्रोसेसर उपटून आला. त्याच्या पोटाखालच्या तेराशेहून जास्त पिनांपैकी सतरा वाकल्या.

"जाऊ दे, जुनाच आहे तो," ठमी म्हणाली आणि तिने नवा बसवला. मी सुरू झालो नाही. पडदा काळाच राहिला.

तासभर वाचून तिला उलगडा झाला. नव्याचे नाव यादीत नव्हते. यादी बदलायची तर आधी मी सुरू व्हायला हवा, आणि मला सुरू करू शकणारा एकटा जुना प्रोसेसर सतरा पिना वाकवून टेबलावर पडला होता. दुकानदार फोनवर म्हणाला, "ठेवून जा, आठ दिवस लागतील." ठमी परवा निघणार होती. तिने डोक्याला हात लावला.

बाबा उठले आणि पत्र्याची डबी घेऊन आले. भिंग डोळ्याला लावले, चिमटा धरला. चिमट्याचे टोक पानासारखे हलत होते. त्यांनी तो खाली ठेवला. "नाही जमणार. हात ऐकत नाही."

"मला सुई ओवता यायची नाही तेव्हा तुम्ही ओवून देत होतात ना?" आई पदराला हात पुसत आली. "मनगट मी धरते. तुम्ही फक्त बोटं हलवा. ठमाबाई, छताचा पंखा बंद कर, आणि तोंडही!"

शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ. दोन श्वासांच्या मधल्या स्थिर क्षणात एकेक पिन सरळ होत गेली. सतरावी उठली, तेव्हा तिघेही घामाघूम झाले होते.

जुना प्रोसेसर बसला आणि मी सुरू झालो. ठमीने नवी यादी भरली. त्या यादीत नव्याचे नाव होते. जागा करण्यासाठी काही जुनी नावे काढली होती. त्यात माझ्या जुन्याचे नाव होते. ज्याने उभे राहून मला वाचवले, त्याला आता मीच ओळखणार नाही. ठमीने नवा बसवला, आणि बाबांनी जुन्याला पुसून पत्र्याच्या डबीत, चिमट्याशेजारी ठेवले.

संध्याकाळी बाबांनी तेच वळण घेतले. ट्रक लोण्यासारखा गेला. "म्हणजे चूक माझ्या हाताची नव्हती तर," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

ठमी गेली. ठरल्याप्रमाणे दर रविवारी दोन ट्रक निघतात. मागच्या रविवारी त्याच वळणावर बाबांचा ट्रक पुन्हा खड्ड्यात गेला.

"काय झालं, बाबा?" ठमीने तिकडून विचारले.

"कॉम्प्युटर अडकला गं," बाबा म्हणाले.

मित्रांनो, मी अडकलो नव्हतो. चित्र एकदाही थांबले नाही. मी सगळे पाहिले, आणि मला बोलता येत नाही, याचे आयुष्यात पहिल्यांदा बरे वाटले.

तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा जुना असेल, तर त्याची धूळ पुसा. उघडायची वेळ आलीच, तर आधी थोडा वेळ त्याला चालवून ऊब येऊ द्या, आणि ओढू नका, हलकेच फिरवून सोडवा. आणि वळणावर काही चुकले, तर खुशाल त्याच्यावर ढकला. तो कुणाला सांगणार नाही.