दहापैकी सात

आठव्या वेळेला खोका जमिनीवरून हललाच नाही. कुठे खिळ्यात अडकला की काय, म्हणून कपाटदादांनी वाकून पाहिलं. खिळाबिळा काही नव्हता. त्यांच्याच हातांत जोर उरला नव्हता.

"दादा, अजून तीन," मुकादम हळूच म्हणाला.

सामान हलवणाऱ्या त्या कंपनीचा हा नवा नियम होता. पंचावन्नच्या पुढच्या हमालाने तीस किलोचा खोका दहा वेळा टेबलावर चढवायचा. जमलं तर कामावर, नाही तर घरी. छत्तीस वर्षं लोकांची लोखंडी कपाटं पाठीवर घेऊन जिने चढल्यामुळे ज्यांना कपाटदादा हे नाव पडलं, ते आज एका खोक्यापुढे हात टेकून बसले होते. दादांना काही उमगेना. महिन्यापूर्वी हाच खोका त्यांनी हसत उचलला होता. त्यानंतर या परीक्षेसाठी रोज नेमाने व्यायाम केला. व्यायाम करून माणूस दुबळा कसा होतो?

व्यायाम सुनेने शिकवला होता. ती शाळेत खेळाची शिक्षिका. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून तिने दाखवलं होतं, "बाबा, स्नायू म्हणजे तुमचा सामान बांधायचा दोर समजा. दोरात पीळ, पिळात धागे. धाग्यांच्या आत बारीक तंतू असे एकमेकांत सरकतात, मग स्नायू आखडतो आणि वजन उचललं जातं. फार जोर लावला की धागे जरा जरा फाटतात. शरीर ते सांधतं, आधीपेक्षा मजबूत. पण सांधतं विश्रांतीत. म्हणून एक दिवस व्यायाम, दोन दिवस आराम."

"आराम करून ताकद येते?"

"आरामातच येते, बाबा."

सून गुणाची, पण हे काही दादांच्या गळी उतरेना. बसून ताकद येत असती तर मुकादमाने एव्हाना ट्रक उचलला असता. सून शाळेत गेली की ते आरामाच्या दिवशीही गच्चीवर पाण्याचे कॅन उचलत. अंग ठणकलं की खूश होत, ताकद भरतेय म्हणून. कालसुद्धा शंभर वेळा उचलले होते.

"काल बसून राहायला हवं होतं का रे?" त्यांनी विचारलं.

"कुठे?" मुकादमाला काही कळलं नाही. त्याने कागदावर सात लिहिलं आणि मान खाली घातली. "मी वर बोलून बघतो, दादा."

वर कोण ऐकतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेला काय सांगायचं, तेही सुचेना. खोका वाटेतच पडला होता.

"राहू द्या, कुणाला तरी उचलायला सांगतो."

"नको. वाटेत सामान टाकून मी कधी घरी गेलो नाही."

दादांनी चिकटपट्टी सोडवली. आतल्या लोखंडी पट्ट्या दोन-दोन करून टेबलावर नेल्या. शेवटी रिकामा खोका वर ठेवला, पट्ट्या पुन्हा त्यात रचल्या आणि झाकणं नीट बंद केली.