चटईखाली कोंडलेला डबा

मित्रांनो, संगणकाचा पडदा सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्याला वीज पोचवणारा मागचा पत्र्याचा डबा मात्र कुणाच्या गावीही नसतो. तो जुना डबा म्हणजे मी. मला पॉवर सप्लाय म्हणतात.

माझं आयुष्य प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, वावाउ बेटावर, बंदराजवळच्या छोट्या रेडिओ केंद्रात गेलं. सितिवेनी नावाचे गृहस्थ ते केंद्र एकटे चालवत आणि पहाटे होड्यांना वारा नि लाटा सांगत. भिंतीतून येणारी वीज मी निवळून देई. माझ्या पोटातली कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी तिचे हेलकावे शमवत. वर्षातून एकदा सितिवेनी माझी धूळ झाडत आणि म्हणत, "म्हातारबा, अजून दम आहे तुझ्यात."

मग ते गेले. त्यांची मुलगी लोसालिने हवामान सांगू लागली. त्यांची थोरली बहीण, सिलिया आत्या, हिने भावाच्या मानाखातर स्वतः विणलेली चटई संगणकावर पांघरली. आमच्याकडे आत्याचा मान बापाहून मोठा. तिने घातलेली चटई कोण उचलणार? पडदा दिसावा म्हणून लोसालिनेने पुढचा कोपरा तेवढा दुमडला.

पाठीमागे माझा श्वास कोंडला. मी तापत गेलो. नळकांड्यांच्या टोप्या फुगल्या, एकीतून तपकिरी रस झिरपला. नोव्हेंबरातल्या एका सकाळी संगणक सुरू होता होताच विझला आणि त्यावर चालणारा रेडिओही बंद पडला.

वादळांचा हंगाम दारात उभा होता. बाहेरच्या बेटांवर दुसरा कुठलाच रेडिओ पोचत नव्हता, आणि नवा डबा यायला महिना लागणार होता.

लोसालिनेने चटई न हलवता, तिच्याखाली मान वाकडी करून माझ्या जाळीतून टॉर्च मारला. बिघाडाचं कारण तिला लगेच कळलं. तरी आत्याला ते सांगायचा धीर व्हायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आत्या भाजलेला नीरफणस घेऊन आली, तेव्हा ती तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आत्या, चटई काढावी लागेल. तिच्यामुळे आतले भाग भाजलेत."

"म्हणजे माझ्या भावाचा रेडिओ मीच बंद पाडला?"

लोसालिनेने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

"तुझ्या बापाची हिंमत झाली नसती हे सांगायची. माझ्यापुढे तोंड उघडत नसे तो." आत्याने स्वतःच चटई उचलून घडी घातली. "कर तुझं काम. आधी खा मात्र. उपाशी हात थरथरतो."

लोसालिनेने मला सोडवलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. तार काढली तरी माझ्या पोटात वीज दबा धरून बसते. म्हणून मित्रांनो, मुलांनी मला कधी उघडू नये. मीटर लावून खात्री केल्यावरच तिने हत्यार उचललं. सितिवेनींच्या बिस्किटाच्या डब्यात नवी नळकांडी होती. तेवढीच क्षमता, तेवढेच व्होल्ट, आणि अंगावरच्या पट्टीने दाखवलेली ऋण बाजू जिथली तिथेच. तिने सहा उपटली, सहा डाख देऊन बसवली. आत्या फुगलेलं एकेक तळहातावर घेऊन बघत होती.

बटण दाबलं आणि माझा पंखा गरगरला.

डिसेंबरात वादळ आलं तेव्हा मी सलग तीन दिवस अडखळलो नाही. लोसालिने बापाच्याच खुर्चीवरून सांगत राहिली, "होड्या वर ओढा, आत्ताच ओढा." वारा पडल्यावर बाहेरच्या बेटांवरून निरोप आला. सतरा होड्या पाण्यात होत्या, सतराच्या सतरा किनाऱ्याला लागल्या होत्या. आत्या तेव्हा रडली. लोसालिनेही रडली, पण माइक बंद करून.

मित्रांनो, कुठलं यंत्र गप्प झालं तर फेकण्याआधी जाणत्याला आत बघू द्या. पुष्कळदा चार-सहा नळकांडीच थकलेली असतात. मी सोळा वर्षांचा झालो आहे, आणि उद्या पहाटे पाचला मला कामावर हजर व्हायचं आहे.