कठड्यावरचं नाव

येमेनमधल्या शिबाम गावातल्या त्या सात मजली मातीच्या घराला भेगा पडल्या होत्या आणि घाम सुटला होता मुअल्लिम करामाला. सत्तरीचा हा गवंडी, म्हणून सगळे त्याला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणत. गावात त्याच्या शब्दाला वजन. डागडुजीसाठी आलेली इंजिनिअर अफराह भिंत ठोकून बघत होती. वरच्या सिमेंटने ओल कोंडून धरली होती आणि आतली माती कुजली होती.

"मातीच्या घराला सिमेंट? कुठल्या शहाण्याचं काम हे?"

"असेल कुणी गाढव," करामा घाईघाईने म्हणाला. "तीस वर्षं झाली, पोरी. तेव्हा सगळ्यांनाच सिमेंटचं वेड. सरकारी साहेबसुद्धा म्हणायचे, दर चार वर्षांनी चुना कशाला चोपडता, सिमेंट लावा नि निवांत झोपा."

गाढव कोण, ते वर गच्चीच्या कठड्यावर कोरलेलंच होतं. काम संपलं की इथले गवंडी कठड्याच्या गिलाव्यात नाव घालतात. करामाने तर हौसेने वीतभर अक्षरांत घातलं होतं. ते कुणी वाचलं, की जन्मभर कमावलेली अब्रू गेली.

"कठडा मी फोडतो," तो म्हणाला. "एकटाच. पोरांचे हात जड असतात."

"ह्या गुडघ्यांनी?"

"गुडघे माझे, तुला कशाला त्यांची काळजी!"

कण्हत, अल्लाचं नाव घेत तो परांचीवर चढला. दुसऱ्याच घावाला नावासकट अख्खा थर निखळून गल्लीत आपटला. बकऱ्या उधळल्या. करामाला हसूच फुटलं. मग त्याने कठड्याकडे पाहिलं. आत जुना चुना होता, लोण्यासारखा गुळगुळीत, एक तडा नाही, आणि त्यात त्याच्या बापाचं नाव, सालमीन. स्वतःचं नाव मिरवायच्या नादात त्यानेच ते झाकून टाकलं होतं. म्हाताऱ्याला रडू आवरेना.

डोळे पुसून तो खाली ओरडला, "पोरी! ते गाढव मीच!"

"ठाऊक आहे, मुअल्लिम! फाईलमध्ये त्या नावाचा फोटो आहे!"

"मग मला कशाला बोलावलंस?"

"सिमेंट कुठे कुठे थापलंय ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार? आणि चुना झोडायला वडिलांनी तुम्हालाच शिकवलं ना?"

आठवडाभर गल्लीतली माणसं गाणी म्हणत, करामाच्या शिव्या खात, भिजवलेला चुना काठ्यांनी झोडत होती. बापाचं नाव त्याने उघडंच ठेवलं. त्याखाली, ओल्या चुन्यात, बारीक अक्षरांत लिहिलं: "करामाने बिघडवलं. करामानेच निस्तरलं."