कड्याच्या आतला मासा

राजाराम मेस्त्री मायक्रोमीटर घेऊन बसला की मालक निमेशभाईसुद्धा दबकत बोलायचे. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात तो तीस वर्षं माल तपासत होता. केसाच्या दहाव्या भागाइतकी चूकही आपल्या नजरेतून सुटत नाही, हे तो दिवसातून चारदा सांगायचा. पास झालेल्या मालावर कारखान्याचा शिक्का बसे. पण एखादा नग फारच मनात भरला, तर राजाराम त्यावर आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, तांदळाएवढा मासा ठोकायचा. त्यासाठीचा पंच, म्हणजे पोलादी ठसा, त्याने घरीच घासून केला होता. मालवणचा माणूस, दुसरं काय ठोकणार! ही चोरटी हौस त्याने एकदाच, भिंगाखाली धरून, रेवतीला दाखवली होती. रेवती म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करणारी ऑफिसातली मुलगी.

दोन वर्षांपूर्वी आखातातल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. दुधावरची साय काढायच्या यंत्रांसाठी पोलादाची साठ कडी, आणि मालावर कसलीही खूण नको. ड्रॉइंग पाहून राजाराम चपापला. दुधाला एवढं काटेकोर माप कशाला? अशी कडी युरेनियम शुद्ध करायच्या यंत्रांत लागतात, हे त्याने कुठेतरी वाचलंही होतं. पण असं नाजूक काम पुन्हा हाती येणार नव्हतं, आणि हात तर शिवशिवत होते.

रेवती फॉर्म घेऊन त्याच्याकडे आली.

"काका, माल कशासाठी वापरणार ते लिहून सही करायचीय. डेअरीचाच आहे ना नक्की? तुम्ही म्हणाल तरच करते."

"कर गो बाय, डोळे मिटून कर," राजाराम म्हणाला.

आणि साठांतल्या सगळ्यात देखण्या कड्याच्या आत त्याने मासा ठोकला. गिऱ्हाइकाची अट गेली उडत!

आता दूरच्या एका देशात आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना तीच कडी सापडली होती. त्या देशाने अणुबॉम्ब करू नये म्हणून जग बैठकांवर बैठका घेत होतं, आणि बॉम्बाचा माल करणारी यंत्रं फिरत होती राजारामच्या कड्यांवर. व्यापाऱ्याच्या कागदांवरून माग काढत दिल्लीहून दोन अधिकारी आले. एका कड्याच्या आत सापडलेल्या माशाचा मोठा केलेला फोटो त्यांनी सगळ्या कारखान्याला दाखवला.

"नाय बुवा, कधी बघूक नाय," राजाराम म्हणाला.

रेवतीनेही "माहीत नाही" म्हणून सांगितलं. विसरली वाटतं, असं मनात येऊन त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कारण फॉर्मवर सही रेवतीची होती. मासा ही तिची आणि त्या व्यापाऱ्याची ठरलेली खूण असणार, असं अधिकारी धरून चालले. तीन दिवस ती सकाळपासून काचेच्या केबिनमध्ये बसून होती. चौथ्या दिवशी तिच्यावर गुन्हा दाखल होणार होता. राजाराम येता-जाता मान खाली घालायचा. सव्वीस वर्षांची पोर, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला आपण!

तिसऱ्या संध्याकाळी कांदिवलीच्या घरी त्याच्या बायकोने, सुगंधाने, बांगडा वाढला. ताटातला मासा बघून त्याला घास गिळवेना.

"काय झाला तुमका?" तिने विचारलं.

"एका पोरीक बुडवलंय मी," तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला.

सुगंधाने ताट उचललं. "सकाळी लवकर निघा," एवढंच म्हणाली.

सकाळी तो न विचारताच केबिनमध्ये शिरला. रुमालातून पंच काढला, टेबलावर अॅल्युमिनियमची पट्टी ठेवली आणि हातोडी मारली. अधिकाऱ्याने पट्टी फोटोशेजारी धरली. तोच मासा.

"सही तिची, पण तिला करायला मी सांगितलं. हे दुधाचं काम नाही, हे मला कळलं होतं," राजाराम म्हणाला.

अधिकारी रेवतीकडे वळला. "ही खूण तू ओळखत होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

रेवती राजारामकडे बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"काका स्वतः येऊन सांगतील, असं वाटत होतं," ती म्हणाली. "चार दिवस लावलेत, काका."