अंगठ्याएवढी कोरडी जागा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. पळणाऱ्यांच्या पायातला, उजवा. खरे सांगायचे तर आता मी अर्धाच उरलो आहे. टाचेपासून चवड्यापर्यंत मला उभे चिरलेले आहे आणि कारखान्याच्या खिडकीशेजारी एका खिळ्याला मी टांगलेला असतो. येणारेजाणारे समजतात, शोभेसाठी लावला असेल. शोभा कसली डोंबलाची. माझे पायात घालण्याचे आयुष्य जेमतेम दोन आठवड्यांचे, आणि ते सगळे भीतीत गेले. ती भीती कशाची होती, ते आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म तीन खोल्यांच्या एका कारखान्यात झाला. पहिल्या खोलीत कापड आणि रबर कापत, दुसरीत शिवण चाले आणि तिसरीत बुटांना तळ चिकटवत. कारखाना दोन भावंडांचा होता. थोरला दादा माल विकायचा. फोनवर त्याच्या जिभेवर साखर असे. धाकटी ताई शिवणयंत्रावर बसायची. ती स्वतः पळणारी होती. सकाळी दहा-बारा किलोमीटर पळून आल्याशिवाय तिचा हात यंत्रावर स्थिर होत नसे. नवा बूट आधी ती स्वतःच्या पायात घालून पाही, म्हणून नमुन्याचे बूट नेहमी तिच्याच मापाचे असत.

तिसऱ्या खोलीचे धनी होते मामा, या भावंडांच्या आईचे सख्खे भाऊ. दोघांना हे काम त्यांनीच शिकवले होते. पस्तीस वर्षे ते तळ चिकटवत होते. दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "पाय निघेल एक वेळ, पण आमच्या मामांनी लावलेला तळ निघायचा नाही."

माझा वरचा भाग ताईने शिवला, पायाच्या आकाराच्या फर्म्यावर ताणून बसवला आणि मला मामांच्या पुढ्यात ठेवले. मामांनी तळ चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यात ब्रश बुडवला आणि माझ्या कडेकडेने फिरवायला घेतला. बाहेरची बाजू झाली. टाच झाली. मग ब्रश आतल्या बाजूला आला, जिथे तळपायाची कमान येते तिथे, आणि अंगठ्याएवढी एक जागा सोडून तसाच पुढे गेला. मला वाटले, आता परत येईल. मामांनी मला डोळ्यांजवळ नेले, इतके जवळ की त्यांचा श्वास मला लागला. मग दिव्याकडे धरले. मग कडेवरून बोट फिरवले, पण ते कमानीच्या अलीकडेच थांबले. त्यांनी क्षणभर डोळे मिटून घेतले आणि तळ बसवून मला दाबाच्या यंत्रात सरकवले.

मामांना नीट दिसत नव्हते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांना मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. पण डोळ्याला सुरी लावायची या विचारानेच त्यांचे हातपाय गार पडत. दुसरी भीती त्याहून मोठी होती. हे कळले तर भाचे आपल्याला घरी बसवतील. मामी गेल्यापासून घरी बोलायला भिंतींशिवाय कोणी नव्हते. म्हणून ते गप्प राहिले.

गप्प मीही होतो. मला तर तोंडच नव्हते. पण ती कोरडी जागा माझ्या पोटात सतत गार लागायची.

आठ-दहा दिवसांनी मला आणि माझ्या डाव्या जोडीदाराला प्रदर्शनाला नेले. पळणाऱ्यांच्या जिवावर ज्यांचे पोट चालते, ते सगळे व्यापारी वर्षातून एकदा एका मोठ्या दालनात जमतात. बूटवाले, मोजेवाले, घड्याळवाले, शर्यतीची पदके ओतणारे, घाम शोषणारे कापड विणणारे. आमचा स्टॉल कोपऱ्यात, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर होता. शेजारी मोजे विकणारी एक बाई होती. तिने एका दिवसात आम्हा सगळ्यांना आपलेसे केले.

तिथे बुटाला कोणी नुसते बघत नाही, मित्रांनो. येईल तो मला उचलायचा, दोन्ही हातांनी वाकवायचा, पिळायचा, आत नाक खुपसायचा. वाकवले की ती जागा किंचित उघडायची आणि आत वारा शिरायचा. मी मनात म्हणायचो, हा शेवटचा, आता फाटणार. पण फाटत नव्हतो. एकाने खाली ठेवले की मला दुसरा कोणी उचलायचा.

मामा मागे स्टुलावर बसलेले असत. दुसऱ्या दिवशी गर्दी कमी झाल्यावर त्यांनी मला मांडीवर घेतले आणि अंगठ्याने माझी कड चाचपायला सुरुवात केली. डोळ्यांनी चुकवलेली जागा अंगठ्याला सापडली. त्यांचे नख आत गेले. मामांचा हात थांबला. 

"अरे, ऐकतोस का," ते दादाला म्हणाले.

दादाचे डोळे फोनवर होते. "मामा, एक मिनिट. चाळीस दुकानांचा मालक उद्या दुपारी येतोय. त्याला आवडला तर तीन हजार जोड. आपल्याला चौथी खोली घ्यावी लागेल."

"नमुन्याचा दुसरा जोड आणलाय का आपण?"

"हा एकच. तुमच्या हातचा आहे, दुसरा कशाला हवा?" दादा हसला. "तुम्ही काहीतरी सांगत होता ना?"

मामांनी मला फळीवर ठेवले. "काही नाही," ते म्हणाले.

मी त्यांना दोष देत नाही. भ्यालेल्या माणसाच्या तोंडात तेवढे दोनच शब्द तयार असतात.

तिसऱ्या दिवशी मालक आला. बुटका, शांत माणूस. त्याने मला हातात घेतले, वजन अजमावले आणि परत ठेवले. "हातात धरून काय कळणार? पायात बघू."

ताई तयारच होती. तिने आम्हा दोघांना पायात चढवले, नाड्या ओढून बांधल्या आणि ती स्टॉलपुढच्या ट्रेडमिलवर उभी राहिली. यंत्राची लाल दोरी तिच्या सदऱ्याला चिमट्याने अडकवली. कोणी पडले तर ती दोरी सुटते आणि पट्टा थांबतो. पट्टा फिरू लागला. आधी चालणे, मग हळू पळणे. लोक थांबून पाहू लागले.

"वाढवा," मालक म्हणाला.

ताईचे पाऊल पडत होते आणि प्रत्येक पावलाला मी वाकत होतो. कोरडी जागा आधी अंगठ्याएवढी होती. मग ती बोटाएवढी लांब झाली. मला एकेक धागा, एकेक चिकट तार सुटताना कळत होती. ताईला काहीच कळत नव्हते. ती समोर बघत होती आणि चक्क हसत होती. माझ्यातले सगळे बळ एकवटून मी तळ धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण बूट काय धरून ठेवणार? त्याला सोल्युशन लागते.

"अजून थोडं," मालक म्हणाला.

आणि मागून मामांचा आवाज आला. "थांबव. अगं, थांब."

यंत्राच्या घरघरीत तो तिला ऐकू गेला नाही. मामा पुढे आले. त्यांना यंत्राचे बटण दिसत नव्हते. ताईही बहुधा त्यांना धुरकट आकृतीसारखीच दिसत असावी. त्यांनी कठड्यावर हात टाकला, चाचपत पुढे सरकले आणि हाताला दोरी लागताच ती हिसडून ओढली. त्याच क्षणी माझा तळ कमानीपासून चवड्यापर्यंत उघडला आणि मंदावणाऱ्या पट्ट्यात अडकला. ताई गुडघ्यांवर आपटली.

दादा धावला. मोजेवाली बाई पट्टी घेऊन आली. ताईचे दोन्ही गुडघे सोलवटले होते, पण हाड शाबूत होते. पूर्ण वेगात तळ सुटला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मला करवत नाही.

"मामा, तुम्हाला कसं कळलं?" दादाने विचारले.

मामा उभेच होते. दोरी अजून त्यांच्या मुठीत होती. "मला कालच कळलं होतं. सोल्युशन लावायचं राहिलंय. मला दिसत नाही रे. वर्ष झालं."

दादाने मालकाकडे पाहिले आणि घाईघाईने बोलायला तोंड उघडले. पण ताई जमिनीवर बसूनच आधी बोलली.

"या वर्षात आपले किती जोड गेले?"

दादाचा चेहरा उतरला. "सहाशेच्या वर," तो पुटपुटला.

मालकाने मान हलवली, "तिला लागलंय, जपा," म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही. तीन हजार जोडही आले नाहीत.

कारखान्यात परतल्यावर ताईने मला करवतीच्या यंत्रावर ठेवले. आतून उघडून बघितल्याशिवाय नेमके काय चुकते ते कळणार नव्हते. मित्रांनो, पाते फिरू लागले तेव्हा माझी काय गत झाली असेल ते तुम्हीच समजा. डोळ्याच्या सुरीला मामा का घाबरत होते, ते मला तेव्हा उमगले. ताईने माझ्यावर तळहात ठेवला आणि एका दमात मला चिरले. कापल्यावर दिसले की माझ्यात बाकी सगळीकडे सोल्युशन लागले होते, कोरडी होती ती एवढीच जागा. मग त्यांनी गोदामातले तयार जोड तपासले. डावे सगळे ठीक निघाले. काही उजव्यांत मात्र नेमक्या त्याच ठिकाणी पोकळी होती, कारण उजव्या बुटाची ती बाजू मामांच्या बसण्याच्या जागेवरून सावलीत येई.

पुढचे तीन आठवडे कारखान्यात यंत्रे कमी चालली आणि फोन जास्त. दादा साखर न घालता बोलायला शिकला. "उजवा बूट घालू नका. आमची चूक आहे. परत पाठवा." बहुतेकांनी पाठवले. काहींनी शिव्या दिल्या. एक बाई मात्र म्हणाली, तिचा नवरा महिन्यापूर्वी त्या बुटांत पडला. गुडघे आता साथ देत नाहीत असे समजून त्याने पळणेच सोडले होते.

त्याच्याकडे मामा स्वतः गेले. ताई सोबत होती, तिने परत आल्यावर सांगितले. त्या माणसाच्या कपाटातला बूट मामांनी हातात घेतला, कमानीत नख घातले, ते आत गेले. "तुमच्या गुडघ्याचा दोष नव्हता," मामा म्हणाले, "माझ्या डोळ्याचा होता." तो माणूस उठून मामांच्या पुढ्यात आला. मामांना वाटले, आता हा हात उगारणार. पण त्याने विचारले, "म्हणजे मी पळू शकतो?"

त्याच आठवड्यात मामा शस्त्रक्रियेला तयार झाले. जाताना ताईचा हात त्यांनी असा धरला होता की तिच्या मनगटावर वळ उठले. महिन्याभराने ते तिसऱ्या खोलीत परत आले. कोणी त्यांना घरी बसवले नाही. खिडकीशी येऊन ते माझ्यापुढे उभे राहिले.

"हा निळा आहे होय?" ते म्हणाले. "मी आपला हिरवा समजत होतो." ताई हसली, मग मामाही हसले, आणि हसताहसता त्यांनी नवे डोळे पुसले.

मित्रांनो, बूट वाळवा, धुवा, ओले ठेवू नका, हे सांगायला जगात पुष्कळ बूट आहेत. मी फक्त एक मागतो. तुमच्या घरातले कोणी मोठे माणूस हल्ली वस्तू चाचपून घेत असेल, काही सांगायला तोंड उघडून "काही नाही" म्हणत असेल, तर "बरं" म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा विचारा. त्याला सांगायचे असते. नुसती भीती वाटत असते.