पिवळं दार

मित्रांनो, मी एक जुनी, खटारा झालेली व्हॅन आहे. माझा रंग पांढरा. एक दार तेवढं पिवळं आहे, त्याचं पुढे सांगते. आधी खरं काय ते बोलून टाकते. माझं निम्मं आयुष्य जळफळाटात गेलं.

परक्या देशात आमची वकिलात आहे. पुढच्या इमारतीत राजदूतसाहेब बसतात. दोन देशांची मैत्री राखायची, करार करायचे, इथल्या मंत्र्यांशी बोलायचं, हे त्यांचं काम. मागच्या अंगाला कॉन्सुलबाईंचं ऑफिस. आपल्या कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणी तुरुंगात अडकलं, कुणाला इथे बाळ झालं, कुणी इथेच वारलं, तर त्यांची माणसं मागच्या दारानं येतात. मी त्या मागच्या ऑफिसची गाडी.

पुढच्या पोर्चमध्ये असते ती काळी. माझी थोरली जाऊच म्हणा ना! तिच्या नाकाशी एक चकचकीत दांडी आणि दांडीवर रेशमी झेंडा. साहेब आत बसले की झेंडा फडकायचा. साहेब उतरले की ड्रायव्हर त्यावर कापडी खोळ चढवायचा. नियमच आहे तसा. तो झेंडा दिसला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. ती जाणार मेजवान्यांना, आणि मी जाणार हॉस्पिटलात, तुरुंगात, विमानतळाच्या मालगोदामात. तिला रोज सकाळी आंघोळ, मला पाऊस पडेल तेव्हा! माझे ड्रायव्हर, काका म्हणतो आम्ही त्यांना, काच पुसता पुसता म्हणायचे, "उगी गं. ज्याचं काम त्याला." उगी काय उगी! बोलायला काय जातं यांचं?

त्यात ते पिवळं दार. तुरुंगाबाहेर एका ट्रकनं माझी एक बाजू चेपली. नव्या दाराला मंजुरी येईना, म्हणून काकांनी भंगारातून एक मिळवलं. ते निघालं पिवळंधमक. रंग द्यायलाही मंजुरी येईना. वर ते अडतं, खालून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. काकांनी मला ती बाजू भिंतीकडे करून लावलं की मला बरं वाटायचं. निदान काळीला तरी दिसायला नको.

एका दुपारी कॉन्सुलबाई अंगणात आल्या आणि काकांना घाईघाईनं सांगू लागल्या. एका बंगल्यात आपल्याकडची एक बाई घरकामाला होती. मालकानं तिचा पासपोर्ट कपाटात कोंडला होता आणि तिला फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नव्हता. तिची लेक गावी आजीजवळ वाढत होती, आता तर आईचा आवाजही ओळखेनाशी झाली होती. लपवलेल्या फोनवरून त्या बाईनं आज ऑफिसला गाठलं होतं. पण मित्रांनो, परक्या देशात आमच्या लोकांना कुणाच्या घरात घुसता येत नाही. इथले पोलीस बरोबर घ्यायचे, दारात उभं राहायचं, आणि तिनं आपल्या पायांनी बाहेर यायचं.

तेवढ्यात राजदूतसाहेब स्वतः खाली आले. "मी येतो," ते म्हणाले. "झेंडा बघून मालक नरमेल. तिलाही धीर येईल."

झालं! साहेबांना आणि कॉन्सुलबाईंना घेऊन काळी निघाली थाटात. माझं एकच तर काम होतं, तेही या भवानीनं पळवलं! माझा जीव जळून नुसता कोळसा झाला. हिचं चाक पंक्चर होऊ दे, असंही मी मनात म्हणाले. खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळानं काकांचा फोन वाजला. ते धावतच माझ्याकडे आले. "चल बाई, तुलाच बोलावलंय."

बंगल्यापाशी पोचलो तर फाटक उघडं होतं. साहेब आतच बसलेले, म्हणून काळी झेंडा फडकवत उभी होती आणि तिचं कुणालाच कौतुक नव्हतं. मालक पोलिसांना हसत सांगत होता, "बघा ना, तिलाच जायचं नाही." पोलीस घड्याळ बघायला लागले होते. ते निघून गेले असते, तर ती बाई पुन्हा कोंडली गेली असती.

कॉन्सुलबाईंच्या कानाला फोन होता. "अहो ताई, आमचीच गाडी आहे. झेंडा बघा की!"

"नाही हो, मला भीती वाटते," फोनमधून रडका आवाज आला. "असल्याच काळ्या गाड्या येतात मालकांकडे. शेजारच्या बंगल्यातल्या कामाच्या बायका भिंतीवरून सांगतात, पिवळ्या दाराची गाडी आली तरच बसायचं. ती आपली असते."

काकांनी मला वळवलं आणि पिवळी बाजू बंगल्याकडे केली.

वरच्या खिडकीतला पडदा हलला. मग ती जिन्यावरून धावत आली. कापडी पिशवी उराशी, पायात एकच चप्पल. मालक आडवा जायला लागला तर पोलिसानं त्याला हातानंच थांबवलं. "आधी तिचा पासपोर्ट आणा," तो म्हणाला. मालकाला तो आणून द्यावाच लागला.

राजदूतसाहेब काळीतून उतरून माझं दार ओढत होते. दार ढिम्म हलेना.

"साहेब, खालून लाथ घाला," काका म्हणाले.

साहेबांनी चकाकत्या बुटानं लाथ घातली. ती आत बसली, आणि साहेबही तिच्या शेजारी बसले. तिनं पिशवीतून लेकीचा फोटो काढून त्यांना दाखवला. माझ्याकडे दांडी नाही, त्यामुळे झेंडा नव्हता. पण साहेब माझ्यात बसले म्हटल्यावर काळीच्या झेंड्यावर नियमाप्रमाणे खोळ चढली, आणि ती मुकाट माझ्या मागून आली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आता माझ्या जागी नवी व्हॅन आली आहे. पांढरीशुभ्र, सगळी दारं एका रंगाची. मला भंगारात घालणार आहेत. घाला बापडे, माझं वय झालंच आहे. पण मित्रांनो, माझं एक ऐका. माझं पिवळं दार काढून तिला लावायला सांगा. कुठल्या तरी खिडकीत कुणीतरी त्याचीच वाट बघत असेल. मी तिच्यावर जळत नाही असं मात्र समजू नका. भयंकर जळते आहे! तरीपण लावा. आणि तिच्या ड्रायव्हरला सांगून ठेवा, खालून लाथ घालावी लागते.